जंगली म्हणवून घेणारा कॅप्टन

अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना प्रवर्गाचा रकाना येतो. कुणी ‘ओपन’वर टिक करतं, कुणी ‘ओबीसी’वर, कुणी ‘एसटी’वर. दोन सेकंदांचं काम. झालं की आपण पुढच्या रकान्याकडे वळतो.

पण ‘एसटी’ म्हणजे ‘अनुसूचित जमाती’ हे दोन शब्द संविधानात यायच्या आधी त्यांच्यावरून संविधान सभेत चर्चा झडली होती, हे माहितीये तुम्हाला? एक सदस्य उभा राहिला आणि त्यानं विचारलं की आमचं नाव तुम्ही का ठरवता? आमचं नाव आम्हाला ठाऊक आहे. आम्ही आदिवासी आहोत.

हा माणूस ऑक्सफर्डला शिकलेला होता. आयसीएसची, म्हणजे आजच्या यूपीएससीच्या कितीतरी पट रुबाबाची नोकरी त्यानं सोडलेली होती. आणि भारतानं ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, त्या टीमचा तो कॅप्टन होता. नाव जयपालसिंह मुंडा. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, संविधान म्हटलं की बाबासाहेब. जयपालसिंह मैदानात ध्यानचंद यांच्यासोबत खेळले आणि सभागृहात बाबासाहेबांसमोर बोलले. तरी त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

आधी त्यांचं गाव बघू

आजच्या झारखंडमध्ये, रांचीच्या दक्षिणेला खुंटी जिल्हा आहे. तिथल्या टकरा गावी १९०३ साली जयपालसिंह जन्मले. जन्मतारीख ३ जानेवारी अशी नोंदवलेली आहे. तेव्हा घरात त्यांना प्रमोद म्हणत. पोरगा गुरं राखायचा.

मुंडा लोकांचं गाव कसं असतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ज्या पूर्वजांनी जंगल साफ करून पहिल्यांदा शेतं काढली, त्यांच्या वंशजांची ती जमीन. या पद्धतीला खुंटकट्टी म्हणतात. जमीन एकट्यादुकट्याची नसते, सगळ्या कुळाची असते. आपल्यासारखा सातबारा नाही. मग पुरावा काय? तर सासनदिरी. पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या या भल्या मोठ्या शिळा. आमचे पूर्वज इथे आहेत, म्हणून हे गाव आमचं, असा साधा हिशोब.

आणखी एक गोष्ट. गाव वसवताना सगळं जंगल तोडत नसत. सालाच्या झाडांचा एक तुकडा मुद्दाम राखायचा, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. त्याला म्हणतात सरना. आपल्याकडची देवराई आठवा, साधारण तसंच. सालाला फुलं आली की तिथे सरहूलचा सण होतो आणि पाहन, म्हणजे गावाचा पुजारी, पूजा करतो. देव आहे म्हणून झाडं राहतात, झाडं राहतात म्हणून बी राहतं, ओलावा राहतो, पाखरं राहतात. पर्यावरणाचं पुस्तक यायच्या कितीतरी आधी हे चाललेलं होतं.

इंग्रजी राज्यात या व्यवस्थेत जमीनदार, सावकार आणि ठेकेदार घुसले. कुळाची जमीन कागदावर दुसऱ्याच्याच नावावर चढू लागली. त्याविरुद्ध बिरसा मुंडांनी उलगुलान पुकारलं आणि १९०० साली रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्या उठावानंतर १९०८ साली छोटा नागपूर कुळ कायदा आला आणि खुंटकट्टीला कागदावर मान्यता मिळाली. म्हणजे प्रमोद शाळेच्या वयाचा होत होता तेव्हा त्याच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

ऑक्सफर्डपर्यंत

रांचीच्या सेंट पॉल्स या मिशनच्या शाळेत त्याचं नाव घातलं आणि तिथे प्रमोदचा जयपालसिंह झाला. पोरगा अभ्यासात हुशार आणि मैदानात त्याहून हुशार. इंग्रज मुख्याध्यापकांनी ते हेरलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास ते मायदेशी परतले, तेव्हा त्याला सोबत घेऊन गेले. आधी कँटरबरी, मग ऑक्सफर्डचं सेंट जॉन्स कॉलेज. गुरं राखणारा पोरगा तिथे अर्थशास्त्र शिकला आणि विद्यापीठाच्या हॉकी संघात गेला. ऑक्सफर्डमध्ये उत्तम खेळाडूला ‘ब्लू’ देतात. हॉकीसाठी तो मान त्याला मिळाला.

त्याची जागा फुल बॅकची. गोल मारणाऱ्याचे फोटो छापून येतात, फुल बॅक मागे राहून गोल होऊ देत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पदवीनंतर आयसीएससाठी निवड झाली. आता फक्त प्रशिक्षण संपवायचं आणि कलेक्टर म्हणून भारतात यायचं. तेवढ्यात १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकसाठी भारतीय हॉकी संघाचं कप्तानपद चालून आलं. भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिकला चालला होता. जयपालनं प्रशिक्षणातून सुट्टी मागितली, ती मिळाली नाही.

तुम्ही काय केलं असतं? एका बाजूला आयुष्यभराची खुर्ची, दुसऱ्या बाजूला काही आठवड्यांचं खेळणं. जयपाल सुट्टीशिवाय निघून गेला.

तिकडे बाकीचा संघ मुंबईहून बोटीनं निघाला. निघण्यापूर्वी मुंबईच्याच संघाकडून तो हरला होता आणि बंदरावर निरोप द्यायला अवघी तीन माणसं आली होती. कुणालाच काही अपेक्षा नव्हती. पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये जे झालं ते बघा. ऑस्ट्रियावर ६-०. बेल्जियमवर ९-०. डेन्मार्कवर ५-०. स्वित्झर्लंडवर ६-०. अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सवर ३-०. पाच सामने, २९ गोल, आणि आपल्यावर एकही नाही. त्यातले १४ गोल एकट्या ध्यानचंद यांचे.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. अंतिम सामन्यात कॅप्टन जयपालसिंह मैदानात नव्हते. साखळी सामन्यांनंतर ते संघातून बाजूला झाले. संघ व्यवस्थापनाशी त्यांचे खटके उडाले होते. सुवर्णपदक मिळालं, पण ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी कप्तान संघाबरोबर नव्हता.

आयसीएसचं काय झालं? परतल्यावर त्यांना सांगण्यात आलं की सुट्टीशिवाय गेलात, आता प्रशिक्षण वर्षभर वाढेल. त्यांनी राजीनामा दिला. विषय संपला.

दहा वर्षं भटकंती

पुढची दहा वर्षं पाहिली तर आजच्या भाषेत सीव्ही एकदम झकास. बर्मा शेल या तेल कंपनीत मोठी नोकरी. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या नातीशी, तारा मजुमदार यांच्याशी लग्न. मग आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानामध्ये, अचिमोटा इथे अध्यापन. मग रायपूरचं राजकुमार कॉलेज. मग बिकानेर संस्थानात मंत्रिपद. सूट, बूट, पाइप आणि इंग्रज साहेबालाही लाजवील असं इंग्रजी.

आणि या सगळ्यात टकरा कुठेच नाही.

१९३८ च्या अखेरीला ते बिहारमध्ये आले. छोटा नागपूर तेव्हा बिहारचा भाग होता. तिथल्या छोट्या छोट्या आदिवासी संघटना एकत्र येऊन आदिवासी सभा उभी राहत होती आणि तिला असा माणूस हवा होता जो गावातही बसेल आणि गव्हर्नरसमोरही. जानेवारी १९३९ मध्ये रांचीच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद जयपालसिंहांकडे आलं. तीच संघटना पुढे आदिवासी महासभा झाली. पस्तिशी ओलांडलेला माणूस वीस वर्षांनी आपल्या माणसांत परतला. लोकांनी त्यांना नाव दिलं मरांग गोमके, म्हणजे थोर पुढारी. प्रमोद, जयपाल, कॅप्टन, साहेब या सगळ्यानंतर मिळालेलं हे नाव त्यांच्या स्वतःच्या लोकांनी, स्वतःच्या मुंडारी भाषेत दिलेलं होतं.

सगळं गोड होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिशांच्या सैन्यभरतीला साथ दिली, त्यावरून बरीच टीका झाली. छोटा नागपूर आणि संथाल परगण्याचं वेगळं राज्य व्हावं ही त्यांची मागणीही पाटण्याच्या नेत्यांना रुचणारी नव्हती. तरीही १९४६ साली ते बिहारमधून संविधान सभेवर निवडून गेले.

सभागृहातला फुल बॅक

९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा सुरू झाली. दहा दिवसांनी, १९ डिसेंबरला जयपालसिंह बोलायला उभे राहिले. नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. समोर देशातले नामांकित वकील. आणि हा ऑक्सफर्डचा माणूस सांगतो की मी जंगली आहे, आमच्याकडे मला याच नावानं ओळखतात आणि मला त्याचा अभिमान आहे. कायद्याचे बारकावे मला कळावेत अशी अपेक्षा नसेल, पण माझ्या लोकांची साधी समज मला सांगते की आता सगळ्यांनी मिळून वाटचाल केली पाहिजे.

मग ते इतिहासावर आले. बाहेरून आलेल्यांनी आदिवासींना हजारो वर्षं मागे रेटत जंगलात ढकललं, हे त्यांनी सरळ मांडलं. या देशात कुणाला सगळ्यात वाईट वागणूक मिळाली असेल तर ती माझ्या लोकांना, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि तरीही नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवून नव्या पर्वाला मी पाठिंबा देतो, असंही ते म्हणाले.

त्या भाषणातला सगळ्यात मोठा मुद्दा लोकशाहीचा होता. तुम्ही आदिवासींना लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायला हवी, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. हे उगाच टाळ्यांसाठी नव्हतं. टकऱ्यासारख्या गावात निर्णय सगळ्यांनी बसून घ्यायचे असतात, जमीन सगळ्या कुळाची असते, सरना सगळ्या गावाचा असतो. त्यांनी पाहिलेली लोकशाही ही होती. इतकंच नाही, सभेत बायका कमी आहेत आणि आदिवासी बायका तर नाहीतच, हेही त्यांनी तिथेच काढलं.

पुढे १९४८ मध्ये दारूबंदीचं कलम आलं. सभागृहात बहुतेकांना ते पुण्यकर्म वाटत होतं. जयपालसिंहांनी विरोध केला. तांदळाची हंडिया आमच्या पूजेत लागते, भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या माणसांच्या जगण्याचा ती भाग आहे, आणि आमच्या धर्माच्या गोष्टीत न विचारता हात घालू नका, असा त्यांचा सूर होता. पटो न पटो, पण त्यांचा प्रश्न आजही तसाच आहे. कुणाचं भलं कशात आहे, हे त्यांना न विचारता दुसऱ्यानं ठरवायचं का?

डिसेंबर १९४८ मध्ये नावाचा वाद आला. मसुद्यातला जुना शब्द बदलून ‘अनुसूचित जमाती’ आणायचं ठरत होतं. जयपालसिंह म्हणाले, ‘आदिवासी’ का नको? हिंदी भाषांतरात ‘बनजाति’ हा शब्द चालला होता, त्यावर तर ते चिडलेच, कारण त्यात हेटाळणीचा वास होता. तुम्ही म्हणाल, स्वतःला जंगली म्हणवणारा माणूस बनजातिवर का चिडतो? स्वतःहून घेतलेलं नाव वेगळं आणि दुसऱ्यानं चिकटवलेलं वेगळं. वर्गात एखाद्याला टोपणनाव पाडतात तेव्हा हा फरक तुम्हालाही कळतो.

बाबासाहेबांचं उत्तर कायद्याच्या अंगानं होतं. आदिवासी हा शब्द व्यापक आहे, त्याला कायद्यात नेमका अर्थ नाही. यादी केली, जमातींची नावं घातली, की कोर्टात कुणाला हक्क आहे हे स्पष्ट राहतं. हेही खरंच होतं. त्या यादीमुळेच आज लाखो मुलं कॉलेजात आणि नोकरीत आली. म्हणून या वादात एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक करायची घाई नको. एकजण हक्क पक्का करत होता, दुसरा त्या हक्कामागचा माणूस हरवू नये म्हणून धडपडत होता. संविधानात अनुसूचित जमाती हेच नाव राहिलं.

जमिनीच्या बाबतीतही असंच अर्धं पदरात पडलं. पाचव्या अनुसूचीनं आदिवासी भागांच्या जमिनीला संरक्षण दिलं आणि आदिवासींच्या सल्लागार परिषदा आणल्या. पण आधीच्या मसुद्यात या परिषदेला जे वजन होतं, ते शेवटच्या रूपात कमी झालं. सत्ता राज्यपालांकडे, परिषदेकडे सल्ला. जयपालसिंहांना ते पुरेसं वाटलं नाही.

खरसावां आणि त्यानंतर

याच काळात एक दिवस असा आला की त्यांच्याविषयी लिहिताना तो टाळता येत नाही. १ जानेवारी १९४८. खरसावां संस्थान ओडिशात विलीन करायला तिथल्या आदिवासींचा विरोध होता. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता आणि जयपालसिंह येणार म्हणून हजारो लोक जमले होते. ते पोचले नाहीत. ओडिशाच्या पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. तेव्हाच्या वृत्तात ३५ मृत्यू आले, लोकांच्या सांगण्यात आकडा त्याहून कितीतरी मोठा आहे. खरसावांमध्ये आजही १ जानेवारीला लोक नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत नाहीत, त्या माणसांना आठवतात.

१९५० साली महासभेची झारखंड पार्टी झाली. निशाणी कोंबडा. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत बिहार विधानसभेत तिनं तीसहून जास्त जागा मिळवल्या आणि ती मुख्य विरोधी पक्ष बनली. जयपालसिंह लोकसभेत गेले आणि मरेपर्यंत खासदार राहिले. पण राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये वेगळं झारखंड नाकारलं. पुढे जागा घटल्या, पैसा आटला आणि १९६३ साली त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. अनेक कार्यकर्त्यांना हा विश्वासघात वाटला. राज्य तर मिळालंच नाही, पक्षही गेला. २० मार्च १९७० ला दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचं आत्मचरित्र ‘लो बीर सेंदरा’ छापून यायला २००४ साल उजाडलं.

मग ते हरले का?

हिशोब लावून बघा. झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० ला झालं, बिरसांच्या जयंतीला. जयपालसिंहांनी मागितल्यानंतर साठेक वर्षांनी.

आणि राज्य झालं म्हणून सगळं सुटलं असंही नाही. तीन महिन्यांच्या आत, २ फेब्रुवारी २००१ ला, त्यांच्याच खुंटीच्या परिसरात तपकरा इथे पोलिसांच्या गोळीबारात आठ जण मेले. लोक कोयल-कारो धरणाला विरोध करत होते. त्यांचं म्हणणं होतं, घराच्या बदल्यात घर द्याल, शेताच्या बदल्यात पैसे द्याल, पण सरना आणि सासनदिरी पाण्याखाली गेल्यावर त्यांचं पुनर्वसन कसं करणार? या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी धरण रद्द झालं.

२००६ साली वनहक्क कायदा आला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केलं आहे. १९४६ च्या भाषणात जयपालसिंह हेच सांगत होते. संसदेला ते लिहायला साठ वर्षं लागली. त्या कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथले निर्णय ग्रामसभा घेते, आणि तेही मतदानानं नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून. लोकशाही आमच्याकडून शिका, असं कुणी म्हटलं होतं ते आठवतंय ना?

राहिला नावाचा प्रश्न. संविधानात ‘आदिवासी’ आलं नाही. पण आज बातम्यांत, मोर्चात, कवितेत आणि ज्यांचं ते नाव आहे त्यांच्या तोंडी तोच शब्द आहे. फुल बॅकचं काम असंच असतं. स्कोअरबोर्डवर त्याचं नाव येत नाही. बॉल आपल्या गोलमध्ये गेला नाही, एवढीच त्याची नोंद.

आता एक काम करा. तुमच्या वर्गात किंवा हॉस्टेलवर धडगावचा, जव्हारचा, अमरावतीच्या मेळघाटाकडचा किंवा भामरागडचा कुणी मित्र, कुणी मैत्रीण असेल. त्यांच्या रकान्यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहेच. एकदा त्यांच्यासोबत चहाला बसा आणि विचारा की तुम्ही स्वतःला काय म्हणता, आणि गावातली कोणती झाडं कधीच तोडत नाहीत. आणि फॉर्मवरचा तो रकाना तुमचा स्वतःचाच असेल, तर पुढच्या वेळी टिक करताना एवढं लक्षात असू द्या, की तुमचं खरं नाव लिहून घ्या म्हणून एक कॅप्टन तुमच्यासाठी उभा राहिला होता.